मागे लागलो नाही, तर काम हातचं जाईल?

"लोकांच्या मागे लागलो नाही तर धंदा वाढत नाही, आणि मागे लागलो तर माझी मलाच लाज वाटते. मी करू तरी काय?"

मी समुपदेशक आहे आणि छोटा व्यवसाय करणारी माणसं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सतत येतात. कुणी विमा विकतं, कुणी क्लास चालवतं, कुणाचं साड्यांचं दुकान असतं, कुणाचं फिजिओथेरपीचं केंद्र. शब्द थोडेफार बदलतात, पण दुखणं तेच असतं. त्यांना उत्तर म्हणून एका गृहस्थांची हकिकत इथं सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ऑफिसात त्यांना सगळे दादा म्हणतात, मीही तेच म्हणेन.

दादांचा व्यवसाय वॉटरप्रूफिंगचा. ऑफिस गोरेगावला आणि कामं बोरिवलीपासून अंधेरीपर्यंतच्या सोसायट्यांची. वडील मिस्त्री होते. गच्चीचा कोबा, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून वरून घालतात तो थर, घालण्यात त्यांचा हातखंडा होता आणि जाहिरात न करता आयुष्यभर त्यांना काम मिळत राहिलं. दादांनी त्यातून रीतसर कंपनी उभी केली. दोन सुपरवायझर, फोनवर बसणारी एक मुलगी, बाहेर फिरणारे दोन सेल्समन आणि कारागिरांच्या टोळ्या. माझ्याकडे मात्र ते धंद्यासाठी आले नव्हते. झोप लागत नव्हती, छातीत धडधडायचं, हृदयाच्या तपासण्या नीट निघाल्यावर फॅमिली डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं.

बोलता बोलता विषय विक्रीवर आला. काही महिन्यांपूर्वी त्यांनी एका प्रशिक्षकाकडून साऱ्या टीमला विक्रीचं शिक्षण दिलं होतं. ग्राहकाला विचार करायला वेळ दिला की काम गेलं, हे त्यातलं मुख्य सूत्र. मग फोनवर बोलायची वाक्यं ठरली. आजच्या आज ॲडव्हान्स दिलात तर १५ टक्के सूट. आमची माणसं तुमच्याच भागात आहेत, पुढच्या आठवड्यात तारीख मिळणार नाही. पाऊस तोंडावर आलाय, नंतर आम्हाला दोष देऊ नका.

यातलं शेवटचं वाक्य खरं असतं, म्हणून तर ते जास्त लागतं. मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला छताला ओल दिसली की त्याच्या पोटात गोळा येतो. त्या भीतीला आणखी हवा द्यायची आणि सही घ्यायची, असा तो प्रकार होता. दादा स्वतः फोनवर हे बोलायचे, फोन ठेवायचे आणि बाहेर जाऊन चहा प्यायचे. "तिथं टपरीवर उभा राहिलो की वाटतं, मघाशी बोलत होता तो कोण?" असं ते म्हणाले.

मी त्यांना विचारलं, "समजा, तुमच्या मावशीच्या सोसायटीत गळती आहे. तुम्ही बघायला गेलात. तर मावशीला काय सांगाल?"

दादा क्षणभरही थांबले नाहीत. "सांगेन, आधी अख्खा कोबा फोडायला कुणी सांगत असेल तर ऐकू नकोस. कठड्याच्या कडेची गोलाई सुटलीय का बघ. पावसाच्या पाइपच्या तोंडाशी फट पडलीय का बघ. गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून ठेव, त्यात गळलं तर दोष गच्चीचा. नाही गळलं, तर पाणी बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून किंवा वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या भांड्यातून, येतंय, मग गच्चीवर पैसे घालून काय उपयोग?"

किती सुंदर बोलले! आवाज बदलला होता, हात हलत होते, खुर्चीत पुढे सरकले होते. मी म्हटलं, "हे तुम्ही ग्राहकांना का सांगत नाही?"

यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मॅडम, हे सांगितलं की अडीच लाखांचं काम चाळीस हजारांवर येतं."

सचोटीने विका, फायदाच होईल, असं जे सर्रास सांगितलं जातं ते मला पुरतं पटत नाही. सचोटीची किंमत मोजावी लागते आणि ती आधीच मोजून ठेवली नाही, तर ऐन वेळी माणूस पुन्हा जुन्या वाक्यांकडे वळतो. म्हणून पुढच्या भेटीला मी वहिनींनाही बोलावलं, कारण हिशोब त्या बघतात. त्यांनी वही काढली. ऑफिसचं भाडं, पगार, कर्जाचा हप्ता. गच्चीची कामं जानेवारी ते मे, पावसाळ्यात जवळपास बंद. म्हणजे चार महिने पगार चालू आणि आवक जेमतेम. एप्रिल लागला की दादांची झोप उडायची ती यामुळे. एप्रिलमध्ये घेतलेल्या प्रत्येक ॲडव्हान्समधून त्यांना ऑगस्टचा पगार दिसत असे.

आता सगळा रस्ता दिसायला लागला. ही भीती दादांच्या पोटात जन्मायची. तिथून ती टार्गेटच्या रूपाने सेल्समनच्या डोक्यावर बसायची आणि सेल्समन ती सोसायटीच्या सेक्रेटरीच्या गळ्यात बांधायचा. सेक्रेटरी बिचारे बहुतेक निवृत्त गृहस्थ, कुणी बँकेतले, कुणी महापालिकेतले. त्यांच्या हातात त्या दिवशी हो म्हणणं नसतंच. दोन-तीन कोटेशनं मागवावी लागतात, कमिटीच्या बैठकीत ठराव करावा लागतो, खर्च मोठा असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिथं पहिला प्रश्न येतो, 'हे कुणाला विचारून पास केलंत?' त्या माणसाला 'आजच्या आज' म्हणणं म्हणजे त्याला सभेत एकटं उभं करणं.

जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली मांडलेली एक गोष्ट इथं लागू पडते. आपलं निवडीचं स्वातंत्र्य कुणी काढून घेतंय असं वाटलं, की ते परत मिळवण्यासाठी माणूस उलटा जोर लावतो. गरज असलेली वस्तूसुद्धा नाकारतो. आणि आता लोकांचे कानही तयार झाले आहेत. 'फक्त आजच, शेवटचे काही' ही खोटी घाई ऑनलाइन विक्रीतला अनुचित प्रकार आहे, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवलं. अशा एकूण १३ युक्त्या त्या यादीत आहेत.

दादांना मी विक्रीचं नवं तंत्र शिकवलं नाही, ते माझं काम नव्हे. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली समुपदेशकासाठी ज्या अटी सांगितल्या, त्यात एक अशी की समुपदेशक आतून जसा आहे तसाच समोरच्याला दिसला पाहिजे. माझ्या मते हे मालकालाही लागू आहे. मालकाने टीमपुढे मुखवटा घातला, की टीम ग्राहकापुढे मुखवटा घालते. म्हणून मी त्यांना एकच गोष्ट करायला सांगितली. ऑगस्टच्या पगाराची जी भीती वाटते, ती टीमला सांगा.

त्यांना ते अजिबात रुचलं नाही. "मालकच घाबरला तर बाकीचे सोडून जातील." आम्ही त्यावर बरंच बोललो. काय सांगायचं आणि काय नाही, हे ठरवलं. घरच्या कर्जाचं सांगायची गरज नव्हती. रडायची तर नव्हतीच. आकडे सांगायचे आणि त्या आकड्यांमुळे आपण कसे वागलो ते सांगायचं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये ते बोलले. पावसाळ्यात पगाराला किती लागतात, बँकेत किती असतात, ते फळ्यावर लिहिलं. म्हणाले, "ही काळजी माझी आहे. ती मी तुमच्यावर टाकली आणि तुम्ही लोकांवर. मला हे थांबवायचंय, पण पैसे तर लागणारच. काय करता येईल?" त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून असलेला सुपरवायझर म्हणाला, "दादा, आम्हाला वाटायचं तुम्हाला आमचं काम पसंत नाही, म्हणून चिडता." आणि फोनवर बसणारी मुलगी म्हणाली, "लोक मला विचारतात, सूट आज आहे तर उद्या का नाही? मला उत्तरच देता येत नाही. मग मी आवाज चढवते."

त्या बैठकीतून जे निघालं त्यातलं बरंचसं सुपरवायझरचं होतं, माझं नाही. गळतीची तपासणी फुकट करायची नाही, फी घ्यायची. पाणी साठवून बघायचं, फोटो काढायचे, दोष कुठे आहे ते लेखी द्यायचं. तो अहवाल घेऊन सोसायटीने काम दुसऱ्याला दिलं तरी चालेल. मला हे फार मोलाचं वाटलं, कारण खरं सांगण्याचे पैसे मिळू लागले की खरं सांगण्याची भीती कमी होते. शिवाय तपासणी आणि बाथरूमची आतली कामं पावसाळ्यातही होतात, म्हणजे त्या चार महिन्यांत थोडी तरी आवक.

कोटेशनही बदललं. एका आकड्याऐवजी यंदा करायलाच हवं ते वेगळं, पुढच्या वर्षी चालेल ते वेगळं आणि जे करायची गरज नाही तेही लिहिलेलं. गॅरंटीत काय येत नाही ते पहिल्या पानावर, म्हणजे गच्चीवर नंतर कुणी डिश अँटेनासाठी भोकं पाडली तर जबाबदारी आमची नाही, वगैरे. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल आणि स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, राहिलं असेल, तर आधी ते करून घ्या, आमचं काम नंतर, असं सांगायचं. निघताना सेक्रेटरींनाच विचारायचं, "तुमची मीटिंग कधी आहे? त्यानंतर एक फोन केला तर चालेल?" आणि त्या दिवशी फोन करायचाच. त्याआधी नाही, त्यानंतर रोज तर नाहीच.

सेल्समनचं कमिशन आधी ॲडव्हान्स आल्या दिवशी मिळायचं. आता अर्धं काम पूर्ण झाल्यावर आणि अर्धं पहिला पावसाळा गळतीविना गेल्यावर. एकाला हे मान्य झालं नाही, तो सोडून गेला. विक्रीत तो खरंच हुशार होता आणि त्याचं जाणं दादांना बरेच दिवस खुपलं.

पहिला हंगाम कठीण गेला. ठरत आलेली दोन मोठी कामं घसघशीत सूट देणाऱ्यांनी नेली. मेमध्ये दादा माझ्याकडे आले ते पुन्हा ती जुनी वाक्यं सुरू करायच्या तयारीने. मी त्यांना अडवलं नाही, वहिनींची वही उघडायला सांगितली. कामं कमी होती, पण अडकलेली बिलं त्याहून कमी होती. ज्यांना घाईने सही करायला लावली होती, तेच लोक शेवटचा हप्ता महिनोन्‌महिने थकवत होते. हे आधी कुणी जोडून पाहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी काम वाढलं. 'तुमच्या गच्चीला काही झालेलं नाही' असं ज्या सोसायटीला सांगितलं होतं, त्यांनी बाहेरच्या भिंतींच्या दुरुस्तीसाठी बोलावलं आणि शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना नंबर दिला. झोप सुधारली आहे. एप्रिलमध्ये अजून थोडी बिघडते.

हे वाचून काहींना वाटेल, बरं झालं, आता मागे लागायला नको. त्यांच्यासाठी थोडं कठोर बोलते. माझ्याकडे येणाऱ्या मराठी व्यावसायिकांत पुष्कळ जण असे असतात की किंमत सांगताना त्यांची नजर खाली जाते, ठरलेला फोन ते करत नाहीत, थकलेले पैसे मागत नाहीत आणि याला ते आपला सभ्यपणा समजतात. भीड भिकेची बहीण, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. दबाव न आणता विकायचं तर जास्त बोलावं लागतं. दोष दाखवावा लागतो, आकडा स्पष्ट उच्चारावा लागतो आणि मग गप्प बसून समोरच्याला विचार करू द्यावा लागतो. ते गप्प बसणं सवयीने जमतं. मी दादांकडून ते खोलीत करून घेतलं होतं. आकडा सांगायचा आणि मी बोलेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. सुरुवातीला दोन सेकंदांत त्यांच्या तोंडून सूट निघायची.

'माझी टीम नाही, मी एकटीच आहे, मग कुणाला सांगू?' असंही विचारतात. एकटीने धंदा करणाऱ्यांनी आधी वही काढावी. एकही नवं काम आलं नाही तर घर किती महिने चालेल, हा आकडा लिहावा आणि नवरा, बहीण, मैत्रीण, ज्यांच्यावर विश्वास आहे अशा एका माणसाला तो मोठ्याने वाचून दाखवावा. आकडा फारच लहान असेल, तर काही काळ अर्धवेळ नोकरी धरावी, खर्च उतरवावा, उधारी वसूल करावी. त्यात कमीपणा नाही. त्यानंतर ग्राहकाला फोन लावावा.