घरात सापडलेल्या निजामाच्या नोटेवर सही नाही. ती खोटी, की दुर्मीळ?

दोन्ही शक्य आहे. बीड-परभणीकडं जुन्या पेटीत उस्मानिया सिक्क्याच्या, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या चलनाच्या, नोटा अजून निघतात. उर्दूसोबत मराठी मजकूर असलेल्या. पण बिनसहीच्या नोटांची गोष्टच वेगळी. लंडनमध्ये छापलेल्या, सही व्हायच्या बाकी असलेल्या नोटा घेऊन निघालेलं ‘इजिप्त’ जहाज मे १९२२ मध्ये फ्रान्सजवळ बुडालं. १९३२पासून शंभर मीटरहून खोल पाण्यातून सोन्यासोबत या नोटाही वर आल्या. चलनात कधीच आल्या नाहीत, म्हणून संग्राहकांची ओढ.

त्यामुळं डाग, कुरतडलेल्या कडा दिसल्या तर धुऊ नका, इस्त्री तर अजिबात नाही. डाग हाच पुरावा, साफ केली की किंमत पडते.

दहापट भिंगातून बघा: रेषा सलग हव्यात. रंगीत ठिपके दिसले तर प्रिंटरची नक्कल. अतिनील दिव्याखाली कागद निळा-पांढरा चमकला तर बहुधा नवा कागद. फक्त सहीच्या जागी वेगळा डाग उजळला तर सही रसायनानं खोडलेली असू शकते. साधी नोट दुर्मीळ भासवायला ही लबाडी चालते.

लॅमिनेशन नको, पीव्हीसीचं पाकीटही नको, ते चिकटतं. पॉलिस्टरचं घ्या. पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका, उन्हाळ्यात कागद कडक होऊन घडीवर तुटतो.