जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवताना चोक काढावा लागतो का?

ट्यूब कोणती, यावर ते ठरतं. सोबत 'एलईडी स्टार्टर' आला असेल (आत फक्त फ्यूज असतो), तर तांब्याच्या वेटोळ्याचा जुना चोक राहू द्या आणि फक्त स्टार्टर बदला. इलेक्ट्रॉनिक चोकवर मात्र अशी ट्यूब चालत नाही. थेट लाइनवर चालणारी असेल, तर चोक, स्टार्टर आणि असल्यास कपॅसिटर, सगळंच काढा. नाहीतरी चोक फुकट वीज खातो.

आधी एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डातला मुख्य खटका) पाडा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, ते चुकून न्यूट्रलवर असलं, तर बंद असूनही पट्टीत फेज येत राहतो.

खरी गडबड वायरिंगमध्ये होते. काही ट्यूबना फेज-न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाला लागतात, काहींना दोन टोकांना एकेक. ट्यूबवरची आकृती बघूनच जोडा. एकाच टोकाची असेल, तर त्या होल्डरमधले, ट्यूबच्या दोन पिना जिथे टेकतात ते दोन संपर्क आतून एकमेकांना जोडलेले नाहीत ना, हे मल्टिमीटरने तपासा. जोडलेले असतील, तर सरळ शॉर्ट होईल. एकाच टोकाला फेज-न्यूट्रल जोडलेल्या पट्टीत पुढे कुणी जुनी ट्यूब घातली, तरी तिच्या फिलामेंटमधून (टोकाच्या बारीक तारेतून) तेच होतं. म्हणून पट्टीवर 'फक्त एलईडी' असं लिहून ठेवा.