स्टेकहोल्डर म्हणजे भागधारक का?

नाशिकच्या एका प्रोजेक्ट मॅनेजर ताईंचा प्रश्न आहे. गोदाघाटालगतच्या कामासाठी त्यांनी 'भागधारकांची बैठक' अशी सूचना लावली. एका दुकानदाराने विचारलं, "आम्ही शेअर कधी घेतले?" मग स्टेकहोल्डरला मराठीत म्हणायचं काय?

दुकानदाराचं बरोबर आहे. भागधारक म्हणजे शेअरहोल्डर, ज्याचा पैसा कंपनीच्या भांडवलात आहे तो. स्टेकहोल्डर म्हणजे एखाद्या कामाचा ज्याच्यावर बरावाईट परिणाम होतो तो; त्याचा पैसा गुंतलेला असेलच असं नाही. इंग्रजीत तर हा शब्द मुळात पैजेचे पैसे सांभाळणाऱ्या तिऱ्हाइतासाठी होता, म्हणजे ज्याचं स्वतःचं काहीच पणाला लागलेलं नाही अशा माणसासाठी! आजचा अर्थ व्यवस्थापनशास्त्रात रुळला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

'हितधारक' हिंदीतून आला. कागदावर दिसतो, तोंडात येत नाही. 'हितसंबंधी' अर्थाने ठीक, पण 'त्यांचे हितसंबंध गुंतलेत' म्हटलं की मराठी कानाला संशयाचा वास येतो. 'लाभार्थी' म्हणावं तर ज्यांचं नुकसान होणार ते बाहेर राहतात, 'प्रकल्पग्रस्त' म्हणावं तर उलट. स्टेकहोल्डरमध्ये दोघेही हवेत. सर्वांत जवळचा शब्द सरकारी सूचनेतला, 'सर्व संबंधितांना कळविण्यात येते की...' मधला 'संबंधित'. पण ही सूचना आपल्यासाठी आहे, असं ती वाचून कोणालाच वाटत नाही. शिवाय त्यात नुसतं 'कळवणं' आहे, विचारणं नाही.

मला वाटतं, आपण नाम शोधत बसतो आणि मराठीने हा अर्थ क्रियापदात ठेवलाय: विश्वासात घेणे. रस्ता खोदला की व्यापारी काय म्हणतात? "आम्हाला विश्वासात घेतलं नाही." असं म्हणायचा ज्याला हक्क आहे, तो स्टेकहोल्डर. माहिती देणं, विचारणं, आक्षेप ऐकून घेणं, सगळं या दोन शब्दांत येतं.

तेव्हा ताई, अहवालात खुशाल 'संबंधित घटक' लिहा. सूचनेत मात्र माणसांची नावं घ्या: 'घाटावरचे पुरोहित, फुलवाले, भांडीबाजारातले दुकानदार आणि रहिवासी यांच्याशी कामाबद्दल बोलायचं आहे.' बैठकीतही तेच. पुराची पातळी मीटरमध्ये सांगितलीत तर लोक नुसती मान डोलावतील. "पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की काम थांबेल," म्हणा. गोदापात्रातल्या या मूर्तीवरूनच नाशिककर पूर मोजतात. माल कधी हलवायचा हे तेच तुम्हाला सांगू लागतील.