सांगण्याची घाई नको

मालवण

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले आणि मी ते तीनदा वाचले. आपण समलिंगी आहोत हे तू सर्वांत आधी मला कळवलेस. तुझ्या परवानगीवाचून ते माझ्या घरातही कोणाला कळणार नाही. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस: शिक्षण संपताच नेदरलँड्स किंवा स्वीडन गाठावे का, आणि येत्या गणपतीत सगळे मुंबईकर घरी जमलेले असताना आईवडिलांना सांगून मोकळे व्हावे का.

त्याआधी एक दुरुस्ती. पत्रात तू दोन ठिकाणी ‘माझा हा आजार’ असे लिहिले आहेस. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली, आणि ‘बदलून देतो’ असे सांगून केलेले उपचार आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. तेव्हा उद्या घरच्यांनी कौल लावला, भगताकडे नेले किंवा एखाद्या डॉक्टरने तसे आश्वासन दिले, तरी त्यात तू आपले मन आणि त्यांनी आपले पैसे घालवू नयेत.

रात्र रात्र झोप न लागणे आणि छातीवर दडपण येणे हे मात्र खरे आहे, आणि त्याचे मूळ तुझ्या लैंगिक कलात नाही. इलान मेयर या संशोधकाने २००३ साली याची नीट मांडणी केली. झालेल्या अपमानाइतकाच न झालेल्या अपमानाच्या सततच्या धास्तीने माणूस झिजतो, असे त्या मांडणीतून दिसते. एस.टी.त शेजारी बसलेल्या मित्राशी बोलताना प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून घ्यायचे, ‘मुलगी बघायला कधी सुरुवात करायची?’ या काकूंच्या प्रश्नावर हसायचे, आणि चारचौघांत होणाऱ्या टवाळीत हळूहळू स्वतःलाच दोषी धरू लागायचे, हे वर्षानुवर्षे चालले तर कोणाचीही झोप उडेल. अमेरिकेत २००४-०५ च्या सुमारास काही राज्यांनी समलिंगी विवाहावर बंदी घालणाऱ्या घटनादुरुस्त्या केल्या, तेव्हा त्या राज्यांतल्या समलिंगी आणि स्त्री-पुरुष दोघांकडेही ओढा असलेल्या लोकांमध्ये नैराश्यासारख्या मनोविकारांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांनी वाढलेले आढळले; बंदी नसलेल्या राज्यांत अशी लक्षणीय वाढ दिसली नाही. माणसे तीच होती, त्यांच्याभोवतीची हवा बदलली होती.

आता परदेशाविषयी. प्यू संशोधन केंद्राच्या २०१९ च्या पाहणीत ‘समाजाने समलैंगिकता स्वीकारावी’ असे म्हणणारे स्वीडनमध्ये ९४ टक्के, नेदरलँड्समध्ये ९२, भारतात ३७ आणि नायजेरियात ७ टक्के होते. तुझी नजर पहिल्या दोन आकड्यांवर खिळली आहे, हे मला समजते. पण भारताचा हाच आकडा २०१४ मध्ये १५ होता, हेही लक्षात घे. शिवाय डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या विवाहितांचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. समलिंगी जोडीदाराशी विवाह केलेल्यांमधले आत्महत्येचे प्रमाण १९८९ ते २००२ या काळाच्या तुलनेत पुढच्या चौदा वर्षांत ४६ टक्क्यांनी उतरले. तरीही ते भिन्नलिंगी विवाहितांच्या दुपटीहून अधिक राहिले. कायदा आणि लोकमत यांनी जीव वाचतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु लहानपणी मनात बसलेली लाज विमानतळावर मागे राहत नाही. अभ्यासासाठी जायचे असेल तर अवश्य जा. केवळ पळून जाण्यासाठी जाऊ नकोस, कारण तिथे तुला परकेपणाचाही भार उचलावा लागेल.

आपला मुलूखही या बाबतीत अगदीच कोरा नाही. दापोलीजवळच्या मुरूडचे र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ साली ज्यांनी त्यांची बाजू मांडली त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. तो खटला ते हरले. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारी तरतूद रद्द केली. विवाहाचा हक्क मात्र २०२३ च्या निकालाने दिलेला नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर मला अधिक लिहायचे आहे, कारण इथे मी एकदा चुकलो आहे. पंचवीस वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने मला हेच सांगितले, आणि मी त्याला ‘लग्न कर, सगळे मार्गी लागेल’ असा सल्ला दिला. त्याने तो मानला. दोन घरे आणि एका मुलीचे आयुष्य त्यात होरपळले. त्यानंतर मी वाचू लागलो.

न सांगणे म्हणजे भ्याडपणा, असे तुझे पुण्याचे मित्र म्हणतात. युरोपातील २८ देशांच्या एका अभ्यासात असे आढळले की लपवून जगणाऱ्यांचे समाधान कमी असते, हे खरे. पण जिथे समाज कठोर आहे तिथे तेच लपवणे त्यांना आणखी मोठ्या जाचापासून वाचवतही असते. म्हणून तुझे मौन ही तुझी छत्री आहे असे समज. पाऊस किती आहे हे पाहूनच ती मिटावी. कॅटलिन रायन यांच्या २००९ च्या अभ्यासात, घरच्यांनी तीव्रपणे झिडकारलेल्या तरुणांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे प्रमाण, घरून फारसा नकार न मिळालेल्यांच्या आठपटीहून जास्त होते. आईवडिलांचे पहिले शब्द इतके मोलाचे असतात. ते भावकीच्या गर्दीत, लोक काय म्हणतील या भीतीने तोंडून निघू नयेत. गणपतीत अजिबात सांगू नकोस. आधी नोकरी आणि स्वतःची खोली होऊ दे. मग थोरल्या बहिणीला सांग, आणि तिच्या सोबतीने, घरात चौघेच असाल अशा एखाद्या दिवशी आईला. वडिलांना वेळ लागेल. तुला स्वतःला स्वीकारायला सहा वर्षे लागली, हे तूच लिहिले आहेस.

तोवर मनाची हेळसांड करू नकोस. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येते, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करता येत नाही. जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदा जरी मनात आला, तरी रात्रीचे किती वाजले आहेत हे न पाहता मला फोन कर.

विसर्जनानंतर दोन दिवस इकडे राहायला ये. बाईंना मी एवढेच सांगितले आहे की माझा एक विद्यार्थी येणार आहे. माडीवरची खोली त्या आवरून ठेवतील.

तुझा,
सर