एकच गोष्ट अर्धवट ठेव

प्रिय मित्रा,

तुझे २२ फॅशन फोटो काल रात्री दोनदा बघितले. आधी मोबाइलवर, मग मोठ्या स्क्रीनवर. मेहनत दिसते. पण "फोटोत ताण आणायचा होता" असं तू लिहिलंयस, आणि मला दिसली ती आदळआपट. कॅमेरा तिरका, लाइट कडक, मागे लालभडक भिंत, केसांत पंख्याचा वारा आणि मॉडेलच्या कपाळावर आठ्या. सगळेच एकदम ओरडायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही. सुरुवातीला मीही हेच करायचे. एका संपादकांनी माझी अख्खी सिरीज परत पाठवली होती, "मान वाकडी करून कपडे बघायचे का?" एवढाच शेरा मारून. तेव्हा भयंकर राग आला होता.

आता तुझा ९ नंबरचा फोटो उघड. राखाडी कोट, मॉडेलचा हात कॉलरपाशी. बोटं कॉलरला टेकलीयेत. तीच बोटं कॉलरच्या २ सेंटिमीटर अलीकडे थांबली असती तर? टेकली की गोष्ट संपते, फार लांब असली तर सुरूच होत नाही. मधली ती फट बघणारा मनातल्या मनात मिटवायला जातो आणि त्याला ती मिटवता येत नाही. मी ताण म्हणते तो हा. पण फट दिसायला तर हवी! बोटांच्या मागे तोच राखाडी कोट असेल तर ती कुणाला कळणार? बोटं उजळ भिंतीवर येईपर्यंत तू स्वतः बाजूला सरक.

१४ नंबरमध्ये बुटाची टाच फ्रेमच्या कडेला नेमकी चिकटलीय. तिथे ताण नाही, नुसती चूक वाटते. एकतर टाच बेधडक काप, नाहीतर खाली थोडी जागा सोड.

फॅशन फोटोग्राफर हॉर्स्टने १९३९ साली पॅरिसमध्ये काढलेला मेनबोशे कॉर्सेटचा फोटो शोधून बघ (मेनबोशे हे फॅशन हाउस, कॉर्सेट म्हणजे नाडीने कंबर आवळणारं अंतर्वस्त्र). मॉडेल पाठमोरी आहे, दगडात कोरल्यासारखी स्थिर. फक्त कॉर्सेटची नाडी सुटलीय आणि तिचं टोक कठड्यावरून खाली लोंबतंय. बाकी सगळं इतकं शांत आहे म्हणून ती नाडी छळते. गंमत म्हणजे एका बाजूला ते कॉर्सेट अंगापासून जरासं सुटलेलं होतं. व्होग या फॅशन मासिकाने छापताना रिटच करून ते अंगाला चापून बसवलं. हॉर्स्टच्या मूळ फोटोत फट तशीच आहे, आणि मला विचारशील तर निम्मा जीव तिच्यातच आहे.

फोटोग्राफर ॲव्हेडनचा १९५५ चा, डोविमा ही मॉडेल आणि हत्ती यांचा फोटो तू बघितला असशीलच. तो दाखवून सगळे विरोधाबद्दल बोलतात: हत्तींची सुरकुतलेली कातडी आणि डिओरचा गुळगुळीत गाउन. खरंय, पण तो सोपा भाग झाला. खरबरीत भिंतीपुढे रेशीम उभं करायला कुणालाही जमतं. मला तिथे डोविमाचा चेहरा धरून ठेवतो. अवाढव्य, हलती जनावरं शेजारी, त्यांच्या पायांत साखळ्या, आणि ही बाई निवांत. ती घाबरलेली दिसली असती तर आपल्याला करण्यासारखं काही उरलंच नसतं. घाबरायचं काम तिने आपल्यावर सोडलंय. (खुद्द ॲव्हेडनला मात्र तो फोटो कायम फसलेला वाटत राहिला, का तर गाउनचा पांढरा पट्टा डावीकडे उडालेला नाही म्हणून!)

म्हणून मॉडेलला "चेहऱ्यावर टेन्शन आण" असं कधी सांगू नकोस. ती बिचारी भुवया आवळणार. तिला काहीतरी करायला दे. खुर्चीवर बसव, "सावकाश उठ" म्हण, आणि ती सीटपासून चार बोटं वर आली की थांबव. आता मांड्यांवर खराखुरा भार आहे, मान आपोआप ताठ झालीय, चेहऱ्याला काही सांगावं लागत नाही. आणि कपडा बघ! खांद्यापासून गुडघ्यापर्यंत तिरक्या चुण्या पडतात, अंग कुठे ओढलं जातंय ते कापडच सांगतं. स्टायलिस्टने पाठीमागे क्लिपा लावून कोट चापून बसवला असेल तर त्यातली एखादी काढायला सांग. ती कुरकुर करेल, करू दे. मात्र फोकस आणि एक्स्पोजर आधीच लावून ठेव, कारण ही पोझ पाच-सहा सेकंदांपलीकडे कुणाला धरवत नाही. लगेच बसू दे तिला. अवघडलेपण फोटोत हवं, तिच्या पाठीत नको.

नजरेसमोर मोकळी जागा सोडावी हे तुला शिकवलं असणारच. एकदा उलटं करून बघ: मॉडेल फ्रेमच्या कडेजवळ, नजर त्याच कडेकडे, रिकामी जागा सगळी पाठीमागे. मागून कोण येतंय, हा प्रश्न फुकटात मिळतो. रोज करू नकोस, महिन्याभरात त्याची सवय होते आणि मग तो नुसता चाळा उरतो. रंगांबद्दल इतक्यात काही बोलत नाही. लाल भिंत तेवढी काढून टाक.

आता ९ नंबर पुन्हा काढ. कॅमेरा सरळ, भिंत साधी, लाइट एकच. हलणार फक्त बोटं: टेकलेली, मग १ सेंटिमीटरवर, २ वर, ५ वर. प्रत्येक अंतराच्या पाच-सहा फ्रेम घे आणि सगळ्या पाठव, निवडून पाठवू नकोस. तुझा हात कुठे कचरतो ते मला बघायचंय.

आणि हो, १९ नंबरमध्ये सँडलचा एक पट्टा सुटलेला दिसतोय. मुद्दाम ठेवलास की राहून गेला? राहून गेला असेल तरी रिटच करू नकोस.

तुझी,
मॅडम