ज्युनियरने तुला रात्री २ ला उठवलंच पाहिजे

प्रिय डॉक्टर,

तुझा मेसेज काल ओपीडीतून आल्यावर वाचला, तेव्हा नीट उत्तर द्यायला वेळ नव्हता, आज सुट्टी आहे म्हणून सविस्तर लिहितेय. तू आता मेडिसिनच्या युनिटची सिनियर झालीस, हाताखाली दोन नवे ज्युनियर आणि एक इंटर्न, आणि तू विचारलंयस की एवढ्या वॉर्डच्या गडबडीत यांना शिकवायचं कधी, माझाच अभ्यास होत नाहीये. पण मला त्या प्रश्नापेक्षा तुझ्या मेसेजमधली दुसरी दोन वाक्यं जास्त खटकली. एक, "ज्युनियर मला रात्री काही विचारतच नाहीत, सकाळी राउंडला कळतं काय काय झालं ते." आणि खाली त्या रक्तातलं सोडियम खूप कमी झालेल्या बाईंचं लिहिताना, "२ वाजता सरांना उठवायला नको वाटलं." ही दोन्ही वाक्यं एकाच दुखण्याची आहेत गं, म्हणून आधी त्यावरच बोलू.

मी फर्स्ट इयरला असतानाची एक रात्र सांगते. न्यूमोनियाचे एक पेशंट होते, पन्नाशीतले, नाकातून ऑक्सिजन चालू, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ९४, बीपी बरं, ताप उतरलेला. बाराच्या सुमाराला त्यांच्यापाशी गेले तर ते दोन्ही हात गादीवर रोवून पुढे वाकून बसलेले, तीन शब्द बोलायचे आणि थांबायचे, परत तीन शब्द. चार्टवर श्वासाच्या रकान्यात २० लिहिलेलं, त्याच्या आधी २०, त्याच्याही आधी २०. काहीतरी बरोबर नाहीये हे मला कळत होतं. फोन हातात घेतला, सिनियरचा नंबर काढला, आणि परत खिशात टाकला, कारण तासाभरापूर्वीच एका पोटॅशियमच्या रिपोर्टसाठी फोन केला होता तेव्हा "एवढंही कळत नाही का तुला, ५.२ साठी कोण उठवतं?" असं ऐकून घेतलं होतं. मग मी काय केलं, तर सॅच्युरेशनचा आकडा पुन्हा पाहिला, तो ९४ च होता, आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवला. समोर बसलेल्या माणसावर ठेवला नाही. साडेचारला सिस्टर धावत आल्या. पेशंट बडबडत होते, बीपी ८० वर आलेलं. आयसीयू, ट्यूब, ११ दिवस व्हेंटिलेटर. वाचले ते, चालत घरी गेले. जाताना त्यांच्या बायकोने माझे हात हातात घेऊन आभार मानले आणि मी तिच्या डोळ्यांत बघू शकले नाही.

त्या रात्री मला ज्ञान कमी पडलं नव्हतं. श्वासाचा वेग पुस्तकात वाचलेला होता, परीक्षेत विचारला असता तर पूर्ण मार्क मिळाले असते. कमी पडली ती फोन करायची हिंमत, आणि ती एका वाक्याने गेली होती. म्हणून मी तुला सांगते, सिनियर म्हणून तुझं पहिलं शिकवणं हेच की रात्रीचा फोन तू कसा उचलतेस. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

तर फोन आला की पहिला शब्द "बोल" असू दे, "काय झालं आता?" नको. ऐकायला हे फार किरकोळ वाटेल, पण समोरचा घाबरून फोन लावून उभा असतो, त्याला तुझ्या पहिल्या दोन सेकंदांतच कळतं की पुढच्या वेळी फोन करायचा की नाही. मग त्याला तीनच गोष्टी विचार, तुला काय दिसतंय, तुला काय वाटतंय, आणि तू काय करावं म्हणतोस. तिसरा प्रश्न विसरू नकोस, कारण नुसत्या ऑर्डरी दिल्यास तर तो वर्षभर तुझा निरोप्या राहील, डॉक्टर होणार नाही. त्याचं चुकलं तरी आधी पूर्ण ऐकून घे. आणि "मॅडम, नक्की सांगता येत नाही पण पेशंट बरा वाटत नाहीये" असं कोणी म्हणालं तर फोनवर काही ठरवू नकोस, उठ आणि जा. हेच वाक्य सिस्टरने म्हटलं तर अजून लवकर जा, त्या पेशंटजवळ आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ असतात.

शिकवायचं कधी विचारत होतीस ना, ते तिथेच, त्या बेडपाशी. समज ज्युनियरने फोन केला की किडनी फेल्युअरच्या पेशंटचं पोटॅशियम ६.९ आलंय, म्हणजे धोक्याइतकं जास्त. जाऊन दोघांनी मिळून इसीजी काढा, त्याला म्हण त्या आलेखातल्या टी वेव्ह दाखव, टोकदार उंच झाल्यात का, क्यूआरएस, म्हणजे मधली उंच उभी रेघ, रुंदावलाय का. मग विचार आधी काय देशील. बरेच जण इन्शुलिन म्हणतात. तेव्हा सांग की इसीजी बदललाय तर आधी कॅल्शियम, त्याने पोटॅशियम एका अंशानेही उतरत नाही पण हृदय सांभाळलं जातं, मग इन्शुलिन ग्लुकोज, त्याने ते पेशींच्या आत ढकललं जातं पण शरीरातून बाहेर पडत नाही, बाहेर काढायचं तर लघवीतून, शौचातून नाहीतर डायलिसिसने. आणि इन्शुलिन दिलंय म्हणजे पुढचे काही तास शुगर बघत राहायची, किडनीच्या पेशंटमध्ये ती उशिरापर्यंत घसरू शकते. दहा मिनिटं लागतात याला. हे त्याला सेमिनारमध्ये सांगितलंस तर पंधरा दिवसांत विसरेल, पेशंटच्या उशाशी मॉनिटरकडे बघत शिकला की जन्मभर राहील.

तसंच श्वास मोजणं. पहिल्या आठवड्यात प्रत्येक ज्युनियरला घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला लाव, पेशंटला न सांगता, पल्स धरल्यासारखं करून. चार्टवर सगळ्यांचे १८ नाहीतर २० दिसले की समजायचं कोणी मोजलेलं नाही. मोठ्या माणसाचा विश्रांतीतला श्वास साधारण १२ ते २० असतो, मोजून २८ आला तर सॅच्युरेशन कितीही छान असू दे, ते शरीर दमतंय.

फोन कधी करायचा हे त्यांच्या अंदाजावर सोडू नकोस, पहिल्याच दिवशी स्पष्ट सांग. वरचं बीपी ९० च्या खाली, श्वास २५ च्या वर, शुद्धीवरचा पेशंट अचानक असंबद्ध बोलायला लागला, छातीत नवीन दुखणं, लघवी थांबली, कोणाला आयसीयूत हलवायचंय, नातेवाईक म्हणतायत हे नेहमीसारखे नाहीत. यातलं काहीही झालं की परवानगी मागायची नाही, सरळ फोन. आणि फोन करू की नको असा विचार मनात आला की तोच फोन करायचा सिग्नल.

तुला न्यूयॉर्कची १९८४ ची घटना माहीत असेल. १८ वर्षांची मुलगी, ताप आणि अंगाला झटके म्हणून रात्री अॅडमिट झाली आणि काही तासांत गेली. तिला बघणारे ट्रेनिंगमधले ज्युनियर डॉक्टर होते, वरचे डॉक्टर फोनवर. मृत्यूच्या कारणावर पुढे खूप वाद झाला, पण त्यातून न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये रेसिडेंट, म्हणजे अशा ट्रेनिंगमधल्या डॉक्टरांसाठी आठवड्याला ८० तासांची मर्यादा आणली आणि २००३ मध्ये ती सगळ्या अमेरिकेतल्या रेसिडेन्सीला लागू झाली. लोकांना ते ८० तास आठवतात. पण नियम ठरवणाऱ्या समितीचा तितकाच भर सुपरव्हिजनवर होता, अनुभवी डॉक्टर रात्री प्रत्यक्ष हाताशी असला पाहिजे यावर, आणि नेमकं तेच चर्चेत मागे पडलं याचं मला आजही वाईट वाटतं.

याचा अर्थ झोप महत्त्वाची नाही असं अजिबात नाही हं. २००४ मध्ये आयसीयूतल्या इंटर्नवर एक अभ्यास छापून आला, लांबलचक ड्यूट्या करणाऱ्यांकडून कमी तासवाल्यांपेक्षा ३६ टक्के जास्त गंभीर चुका झाल्या होत्या. तेव्हा ज्युनियर सलग रात्र काढून आला असेल तर त्याला दुपारी जबरदस्तीने घरी पाठव, "आमच्या वेळी आम्ही ४८ तास करायचो" हे तुझ्या तोंडून मला कधी ऐकायचं नाहीये. फक्त एक, लोक घरी गेले की पेशंट दुसऱ्याच्या हातात जातो आणि तिथे गोष्टी निसटतात. हँडओव्हर कॉरिडॉरमध्ये चालता चालता नको, बसून करा, सगळ्यात सिरियस पेशंट आधी, रात्री काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं हे बोला, आणि घेणाऱ्याने ते परत बोलून दाखवायचं. लहान मुलांच्या ९ हॉस्पिटलमध्ये रेसिडेंटना अशी ठरलेली पद्धत शिकवल्यावर चुका २३ टक्क्यांनी घटल्या होत्या, २०१४ चा अभ्यास आहे.

राउंडबद्दल थोडंच. चूक झाली असेल तर पेशंटसमोर आणि सगळ्यांसमोर बोलायचं नाही, बाजूला घेऊन बोलायचं, पण बोलायचं नक्की, चूक गिळून टाकणं म्हणजे चांगुलपणा नव्हे. आणि तुला एखादी गोष्ट येत नसेल तर "मला माहीत नाही, बघून सांगते" हे त्यांच्यासमोर मोठ्याने म्हण आणि संध्याकाळपर्यंत खरंच बघून सांग.

आता तुझ्या बाईंकडे येते. सोडियम १०८ वर आलेल्या, २ वाजता ११६, सकाळी ७ ला १२१. २ च्या रिपोर्टलाच तू लिहिलंयस की लघवी एकदम वाढली होती. तेव्हाच तुला शंका आली होती ना? शरीर स्वतःच पाणी बाहेर टाकायला लागलं म्हणजे सोडियम आता आपल्या ड्रिपपेक्षा वेगाने चढणार, आणि २४ तासांत ८ च्या पुढे जाऊ द्यायचं नाही हे तुला पाठ आहे. ८ तर तेव्हाच झाले होते. तो सरांना उठवायचा क्षण होता. सकाळी त्यांनी लघवी रोखणारं डेस्मोप्रेसिन आणि डेक्स्ट्रोज देऊन वेळेत खाली आणलं हे चांगलं झालं. तू त्यांना जाऊन सांग की मी २ ला फोन करायला हवा होता, आणि तुझ्या ज्युनियरनाही सांग, अगदी याच शब्दांत, मग बघ पुढच्या ड्यूटीला ते तुला फोन करतात की नाही.

त्या बाईंना घाईने घरी जाऊ देऊ नका. सोडियम फार वेगाने चढल्याचा मेंदूवरचा परिणाम लगेच दिसत नाही, साधारण २ ते ६ दिवसांनी दिसतो. रोज त्यांच्याशी गप्पा मार, बोलणं जड होतंय का, गिळताना ठसका लागतोय का, हातापायातली ताकद कमी वाटतेय का हे बघ, आणि ज्युनियरला सोबत ने. शुक्रवारी कशा आहेत ते मला कळव, किती वाजता कळवतेस याचा विचार करू नकोस.

तुझी,
मॅडम