राज्यसेवा पूर्व परीक्षेची सुरुवात करतोयस ना? मग आधी एवढंच कर

आधी लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) मागच्या प्रश्नपत्रिका वाच, पुस्तकं त्यानंतर घे. एका विषयाला एकच पुस्तक, पण उजळण्या किमान तीन. पहिल्या वाचनात नोट्स काढू नकोस, तेव्हा सगळंच महत्त्वाचं वाटतं. धडा संपला की पुस्तक मिटून आठवेल ते कागदावर लिही. अधोरेखित पान नुसतं ओळखीचं वाटतं, परीक्षेत आठवत नाही.

नवखे हमखास इथे चुकतात:
- सीसॅट, म्हणजे उतारे, तर्क आणि गणिताचा दुसरा पेपर, ‘फक्त पात्रतेचा’ म्हणून सोडतात. 33 टक्के नसतील तर पहिल्या पेपरातले गुण वाया जातात. रोज दोन उतारे घड्याळ लावून सोडव.
- अंदाजाने गोळे रंगवतात. चार चुकीच्या उत्तरांमागे एका बरोबर उत्तराचे गुण जातात. दोन पर्याय नक्की बाद होत असतील तरच धोका पत्कर.

मुख्य परीक्षेचं नंतर बोलू. जमेल तुला.